परवल सांगणारा बहुरूपी

विजयदुर्गच्या किल्ल्यावर शाळेची सहल नेली की मी मुलांना एक खेळ हमखास खेळायला लावतो. एकाने दरवाजात पहारेकरी म्हणून उभे राहायचे आणि दुसऱ्याने बाहेरून यायचे. पहारेकरी विचारतो, "कोण आहे?" बाहेरचा नाव सांगतो. मग पहारेकरी परवल मागतो. ठरलेला शब्द बरोबर आला तर आत, नाहीतर बाहेर. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने मध्येच विचारले, "सर, शब्द शिकवून पोपट पाठवला तर?"

सगळी मुले हसली, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो पोपट डोक्यातून जाईना. 'पासवर्ड' या शब्दाला मराठीत आपण परवलीचा शब्द म्हणतो, तो किल्ल्याच्या दारातूनच आला आहे. पहारेकरी माणूस ओळखत नाही, शब्द ओळखतो. ही त्या व्यवस्थेची ताकद आहे आणि तिची खोटही तीच आहे. संगणकाच्या इतिहासात त्या मुलीचा पोपट खरोखरच पाठवला गेला आहे. तोही एकदा नाही, रोज आणि लाखो वेळा. मी तो पहिल्यांदा पाहिला मुंबईत, मामूंच्या घरी.

१९९८ ची सुट्टी

बारावीची परीक्षा देऊन मी डोंगरीला मामूंकडे गेलो होतो. कोकण रेल्वे त्याच वर्षी जानेवारीत पूर्ण मार्गावर सुरू झाली होती, पण विजयदुर्गवाल्यांना अजून एसटीचीच सवय होती. मामेभाऊ इंजिनिअरिंगला होता. त्याच्या टेबलावर एक जुना संगणक, शेजारी मॉडेम आणि मॉडेमला घरातला एकुलता एक फोन जोडलेला. दिवसा त्या फोनवर मामींचा हक्क, रात्री अकरानंतर त्याचा.

इंटरनेट म्हणजे चित्रे दिसतील असे मला वाटले होते. दिसला तो काळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे. मॉडेम फोन लावायचा, लाइन व्यस्त असली की पडद्यावर 'बिझी' हा शब्द उमटायचा. पुन्हा फोन, पुन्हा 'बिझी'. मी कंटाळलो. भाऊ म्हणाला, "आपण कशाला जागायचं? हा जागेल." त्याने मला एक फाइल उघडून दाखवली. जेमतेम आठ ओळींची. मराठीत सांगायचे तर ती अशी होती: फोन लाव. 'बिझी' आले तर थोडा थांब, परत लाव. 'कनेक्ट' आले तर पुढे जा. 'लॉगिन' हा शब्द दिसेपर्यंत वाट पाहा. दिसला की माझे नाव लिही. 'पासवर्ड' हा शब्द दिसेपर्यंत वाट पाहा. दिसला की परवलीचा शब्द लिही. आत गेलास की घंटी वाजव.

आम्ही झोपलो. पहाटे कधीतरी संगणकाने टुणटुण केले आणि भाऊ उठून आपली पत्रे वाचायला बसला. मला तेव्हा तो जादूगार वाटला.

महिन्याभराने जादूचे बिल आले. एका रात्री त्याने ती फाइल नव्याने टाइप केली होती आणि 'लॉगिन'चे पहिले अक्षर चुकून कॅपिटल घातले होते. पलीकडून येणारा शब्द लहान अक्षराने सुरू होत होता. झाले असे, की फोन लागला, पलीकडच्या यंत्राने 'लॉगिन' म्हणून विचारले, आमचा चाकर मात्र कॅपिटल अक्षराची वाट पाहत गप्प बसला. थोड्या वेळाने पलीकडच्याने लाइन तोडली. चाकराने इमानदारीने परत फोन लावला. रात्रभर हेच. प्रत्येक लागलेला कॉल मोजला गेला. मामूंनी बिल हातात धरून सगळी हकिकत ऐकली आणि एवढेच म्हणाले, "नुसता रट्टा मारलेल्या पोरासारखा आहे तुझा हा नोकर. सवाल जरा बदलला की गप्प!"

पुढे बीएड करताना घोकंपट्टीवर बरेच काही वाचले, पण इतकी नेमकी व्याख्या कुठे सापडली नाही.

पडद्यामागचा टाइपरायटर

त्या काळ्या पडद्याची गोष्ट समजायला थोडे मागे जावे लागेल. संगणक खोलीएवढे होते तेव्हा ते एकेकाच्या टेबलावर ठेवणे शक्य नव्हते. यंत्र एका जागी असे आणि माणसे तारेने जोडलेल्या टंकयंत्रावरून त्याच्याशी बोलत. ही टंकयंत्रे म्हणजे तारखात्यातल्या टेलिप्रिंटरचे भाऊबंद. अमेरिकेतल्या टेलिटाइप कंपनीचे १९६३ मधले मॉडेल ३३ हे त्यातले सर्वांत गाजलेले. युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत आजही टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइपचेच संक्षिप्त रूप.

मग कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये व्हीटी-१०० नावाचे टर्मिनल बाजारात आणले. एका ओळीत ८० अक्षरे आणि पडद्यावर २४ ओळी. हा ८० चा आकडाही वारशाने आला होता. आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने असत. व्हीटी-१०० इतके चालले की पुढे सगळ्यांनी त्याचीच बोली उचलली.

ऐंशीच्या दशकात टेबलावर मावणारा स्वतंत्र संगणक आला, तेव्हा प्रश्न उभा राहिला. दूरची मोठी यंत्रे फक्त टर्मिनललाच ओळखत होती. त्यावर उपाय म्हणून असे प्रोग्राम लिहिले गेले, जे तुमच्या संगणकाला टर्मिनलचे सोंग घ्यायला लावत. यालाच टर्मिनल इम्युलेटर म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: बहुरूपी. बहुरूपी पोलिसाचा वेश घेऊन दारात येतो, तसा हा संगणक व्हीटी-१०० चा वेश घेऊन दूरच्या यंत्राच्या दारात उभा राहायचा. फरक इतकाच की गावातला बहुरूपी शेवटी आपली ओळख सांगून बिदागी मागतो, हा शेवटपर्यंत सांगत नाही.

बहुरूप्याला संवाद पाठ करून दिले की तो माणसाविना काम करू लागतो. म्हणून या प्रोग्रामांत छोट्या छोट्या आज्ञाभाषा आल्या. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये जन्मलेल्या 'कर्मिट'मध्ये इनपुट म्हणजे अमुक शब्दाची वाट पाहा आणि आउटपुट म्हणजे अमुक शब्द पाठव, अशा आज्ञा होत्या. 'प्रोकॉम'ची भाषा होती 'ॲस्पेक्ट', 'टेलिक्स'ची 'सॉल्ट'. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या डॉन लिब्स यांनी याच कामासाठी 'एक्सपेक्ट' नावाचे साधन लिहिले. नावातच सगळे आले: अपेक्षा करा आणि उत्तर द्या.

गहाळ झालेले पहिले अक्षर

पण या सगळ्यांच्या आधी हा पोपट बेल प्रयोगशाळेत बोलू लागला होता. तिथे माइक लेस्क यांनी सत्तरच्या दशकात 'यूयूसीपी' नावाची पद्धत लिहिली. रात्री फोन स्वस्त असताना एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, नाव आणि परवल सांगून आत जाई, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. यासाठी प्रत्येक यंत्राजवळ एक यादी असे: अमुक शब्द ऐकलास की तमुक शब्द बोल.

या यादीतली एक गंमत मला फार आवडते. जाणकार मंडळी तिथे 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द पूर्ण लिहीतच नसत. पहिले अक्षर गाळून उरलेलाच लिहीत. 'पासवर्ड'चेही तेच. कारण पहिले अक्षर कुठे लहान असते, कुठे कॅपिटल, आणि कधी खरखरत्या लाइनवर ते गहाळच होते. शब्दाची शेपटी मात्र बहुधा शाबूत पोचते. माझ्या मामेभावाला ही युक्ती ठाऊक असती तर मामूंचे पैसे वाचले असते.

भारतातली सुरुवातीची ईमेल याच वाटेने गेली. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'अर्नेट' हे शिक्षण आणि संशोधनाचे जाळे उभारायला घेतले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. हे केंद्र श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखाली चाले. १९८७ मध्ये या केंद्रातून पवईच्या आयआयटीत साध्या फोन लाइनवरून ईमेल जाऊ लागली. जुहू ते पवई हे अंतर काही फार नाही. लोकलने आणि बसने जाऊन चिठ्ठी हातात देता आली असती. पण मुंबईतल्या दोन यंत्रांनी माणसाला मध्ये न घेता एकमेकांना पत्र द्यावे, ही गोष्ट मोठी होती.

१५ ऑगस्टची रांग

सामान्य माणसाला इंटरनेटचे दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने. ही कंपनी नवी असली तरी तिचा वंश जुना होता. १८७० मध्ये इंग्लंडहून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असे टप्पे घेत समुद्राखालची तार मुंबईला पोचली. त्या तारेचा कारभार पाहणाऱ्या खासगी कंपन्या स्वातंत्र्यानंतर सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यातून ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते झाले. त्याचेच १९८६ मध्ये विदेश संचार निगम झाले. फोर्टमधल्या इमारतीतून एकेकाळी तारा जात, तिथूनच आता इंटरनेट जाऊ लागले.

दार उघडले, पण अरुंद. मागणीचा अंदाज चुकला होता, मॉडेम कमी पडले, शहरातल्या फोन लाइन जुन्या होत्या. लोक तासन् तास फोन लावत राहिले. निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी सुरुवात फसल्याचे जाहीरपणे कबूल केले. सरकारी खुर्चीवरून असे शब्द क्वचितच ऐकू येतात, म्हणून त्यांची नोंद इथे करतो.

त्या दारात दोन रांगा होत्या. ज्यांना हजारो रुपये परवडत त्यांना चित्रांसह इंटरनेट मिळे. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत 'शेल' खाते मिळे, म्हणजे तोच काळा पडदा आणि नुसती अक्षरे. 'लिंक्स'ने पाने वाचायची, 'पाइन'ने पत्रे लिहायची. हे खाते वापरायचे तर संगणकाला टर्मिनलचे सोंग घ्यावेच लागे. त्यामुळे आठ ओळींची ती फाइल वसतिगृहांतून फ्लॉपीवर हातोहात फिरली. परदेशात जी युक्ती बँकांचे आणि प्रयोगशाळांचे काम हलके करत होती, ती आपल्याकडे स्वस्त रांगेतल्या मुलांचे हत्यार झाली. ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने चिकाटी यंत्राला शिकवली.

पडद्यावर नसलेली अक्षरे

मामूंचा थोरला मुलगा कुवेतला होता. मामू त्याला उर्दूत पत्र लिहीत, टाकाने, अगदी सुबक नस्तालीकमध्ये. भावाने एका रात्री त्यांना सांगितले, आज ईमेल करू, सकाळी दादाला मिळेल. मामू बोलत गेले, हा इंग्रजी अक्षरांत टाइप करत गेला. संपल्यावर त्यांनी पडद्यावर स्वतःचे पत्र पाहिले आणि विचारले, "यात माझं काय आहे?"

मी आज उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून तो प्रश्न मला आता जास्त कळतो. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय ही चार वेगळी अक्षरे आहेत. रोमनमध्ये चारांचा एकच झेड होतो. मामींनी मध्येच कोकणीतला निरोप घातला होता, त्यातला 'ळ' आणि 'ण' वाटेतच पडले. तो पडदा आपल्या लिप्यांना ओळखत नव्हता.

पण ओळखू शकला असता, हे मला फार नंतर कळले. त्याच काळात महाराष्ट्रातच त्यावर काम झाले होते. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी देवनागरी संगणकाचे काम केले. त्यातून 'जिस्ट' हे तंत्र उभे राहिले आणि पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते वाढले. जिस्टची टर्मिनलेही होती. दूरच्या यंत्राला वाटे की समोर नेहमीचेच व्हीटी टर्मिनल आहे. समोर बसलेल्या माणसाला मात्र देवनागरी दिसे. इथेही बहुरूपीच, पण आपल्या बाजूने उभा राहिलेला. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली ठरली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिप्या तिने एका तक्त्यात बसवल्या. आज मोबाइलवर तुम्ही देवनागरी वाचता त्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे झाली. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि तिची अक्षरे जागेप्रमाणे रूप बदलतात, म्हणून तिची सोय वेगळी करावी लागली. जिस्टमध्ये त्या लिपीवरही काम झाले. दिल्लीच्या एका कंपनीने १९९४ मध्ये 'इनपेज' आणले आणि उर्दू छपाईचे रूप पालटले.

म्हणजे साधन होते. डोंगरीतल्या त्या खोलीपर्यंत ते पोचले नव्हते, एवढेच.

आंब्याच्या नावाचा पोपट

काळा पडदा आता आपल्या घरांतून गेला. पण पोपट गेला नाही. बँकांत आणि विमा कंपन्यांत जुन्या यंत्रांचे पडदे वाचून उत्तरे भरणारे प्रोग्राम आजही चालतात. त्यांना आता 'रोबो' असे भारदस्त नाव आहे, रीत तीच: शब्द दिसेपर्यंत थांब, दिसला की ठरलेले लिही.

आणि तो आपल्या कोकणच्या गाडीतही बसला. २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने तिकिटांचा काळाबाजार करणारे एक सॉफ्टवेअर उघडकीस आणले. प्रवाशांची नावे, पैशांचा तपशील, सगळे ते आपोआप भरी. माणूस आहे की यंत्र हे तपासणारा कॅप्चाही ते ओलांडी. त्याचे नाव होते 'रिअल मँगो'. देवगड तालुक्यातल्या माणसाला हे नाव वाचून आधी हसू येते, मग राग. गणपतीला नाहीतर ईदला गावी यायला निघालेला चाकरमानी मोबाइलवर एकेक अक्षर टिपत असतो, तोवर दलालाचा पोपट शंभर परवली सांगून आत गेलेला असतो. भावाची आठ ओळींची फाइल आणि हा 'मँगो' एकाच जातीचे. एकाने रांगेत उभे राहण्याचे कष्ट वाचवले, दुसऱ्याने रांगच विकली. त्या आठ ओळींतून भावाला मिळत होती ती त्याचीच पाळी. दलाल दुसऱ्याची घेतो. माझ्यापुरती नीती-अनीतीची रेघ एवढीच आहे.

पोपटाला अडवण्यासाठीच कॅप्चा आला. २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि सहकाऱ्यांनी हे नाव रूढ केले. कल्पना साधी: वेडीवाकडी अक्षरे माणूस वाचेल, यंत्राला वाचता येणार नाहीत.

गेल्या जूनमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीची आई शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला शाळेत आली होती. बाई उर्दू चांगले वाचतात, मराठीही वाचतात. मोबाइल हातात, कागदपत्रे पिशवीत, सगळे तयार. पोर्टलने तिरकी, एकमेकांवर चढलेली इंग्रजी अक्षरे दाखवली. तीनदा चुकल्या. चौथ्यांदा त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "सर, मी यंत्र नाही हे तुम्हीच सांगा त्याला." मी अक्षरे भरली आणि दार उघडले. म्हणजे तिथे बहुरूपी झालो तो मी. त्यांच्या जागी उभा राहून परवल मीच सांगितली.

जे दार पोपट ओलांडतो आणि आई अडते, त्या दारावरचा पहारा चुकीच्या गोष्टीवर आहे. मामूंचा प्रश्न आणि या बाईंचे वाक्य यांच्यात जवळपास तीस वर्षे गेली. मधल्या काळात आपली अक्षरे पडद्यावर आली, मोबाइलवर आली, पण दरवाजातला प्रश्न अजून परक्या अक्षरांतच विचारला जातो. देवनागरीत आणि उर्दूत परवल विचारता येते. त्याला लागणारे तंत्र कानपूर-पुण्यात कधीच तयार झाले आहे.

यंदाच्या सहलीत त्या मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, कारण मी मागच्या वेळी उत्तर दिले नव्हते. या वेळी दिले. म्हटले, पोपट आत जाईल, ठरलेलाच शब्द विचारला तर नक्की जाईल. तिने दरवाजाकडे पाहिले. विजयदुर्गचा दरवाजा बुरुजांच्या आड आहे, सरळ दिसत नाही. "एवढा लपवलेला कशाला?" ती म्हणाली. मी सांगितले, बाहेर शत्रू होता म्हणून. ती म्हणाली, "मग शाळेच्या अर्जाला कशाला?"

पहारेकरी झालेला मुलगा अजून परवल मागत उभा होता. ती म्हणाली, "मी सातवी ब मधली आहे, मला ओळखतोस ना?" आणि आत गेली.